लिनक्सवर हेडसेटची सेटिंगे आणि सेल बदललेल्या लॅपटॉपच्या बॅटरीची चुकीची नोंद: मुक्त स्रोत साधनांविषयी मार्गदर्शन हवे

गणितशिक्षिका_मिरज

नमस्कार. मी अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना गणित शिकवते आणि संध्याकाळचे दोन वर्ग ऑनलाइन घेते. माझ्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) आहे व त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मात्र दोन अडचणी बरेच दिवस सुटत नाहीत, आणि त्या एकाच धाग्यात मांडण्याचे कारण असे की दोन्ही ठिकाणी यंत्र माझे असूनही त्याच्या आत काय चालले आहे हे त्याला विचारायचे कसे, हेच मला कळत नाही.

पहिली अडचण बिनतारी हेडसेटची आहे. यूएसबीत लावायच्या छोट्या रिसीव्हरवर तो चालतो, आवाज आणि माइक दोन्ही उत्तम आहेत. परंतु कान पूर्ण झाकले जात असल्यामुळे माझा स्वतःचा आवाज मला ऐकू येत नाही, मी नकळत मोठ्याने बोलते आणि दुसरा वर्ग संपेपर्यंत घसा बसतो. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा आवाज कानात ऐकवण्याची सोय आहे, पण ते लिनक्सवर चालत नाही. हेडसेटचे चार्जिंग किती उरले आहे हेही कुठे दिसत नाही, त्यामुळे तो दोनदा ऐन वर्गात बंद पडला.

दुसरी अडचण लॅपटॉपच्या बॅटरीची. लॅपटॉप जुना आहे, बॅटरी बाहेर काढता येते. मूळ बॅटरी मिळत नसल्याने गावातल्या एका दुरुस्तीवाल्याकडून तिच्यातील सहाही सेल बदलून घेतले. सेल चांगले आहेत असे त्यांनी मोजून दाखवले, तरीही लॅपटॉप मात्र बॅटरीची क्षमता मूळच्या एक तृतीयांशच दाखवतो. चार्जिंग लावल्यावर पाऊण तासात १०० टक्के होते, पण चार्जिंगचा दिवा त्यानंतरही तास-दीड तास जळत राहतो. वापरताना टक्के भराभर उतरतात आणि ७ वर येऊन थबकतात. त्या ७ टक्क्यांवर लॅपटॉप किती वेळ चालेल याचा भरवसा नसल्याने मी लगेच चार्जर लावते.

एका ठिकाणी असे वाचले की बॅटरीतील चिपला ठरावीक संकेतांक पाठवून तिचे कुलूप उघडता येते आणि क्षमतेचा आकडा हाताने लिहिता येतो. हे करावे का? त्याआधी आणखी काही तपासायला हवे का? संगणकाची आज्ञा-खिडकी मी न घाबरता वापरते, परंतु इलेक्ट्रॉनिक्सचा अनुभव नाही.

कळफलक_पुणे

ताई, नमस्कार. आधी हेडसेटविषयी, कारण तो प्रश्न आज संध्याकाळच्या वर्गापूर्वीही सुटू शकेल.

आपल्याला हवे आहे त्या सोयीला साइडटोन म्हणतात. हेडसेटमधले हे सेटिंग बदलण्यासाठी हेडसेटकंट्रोल नावाचा मुक्त स्रोत प्रोग्राम आहे. तो जीपीएल परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली उपलब्ध असून लिनक्स, मॅक आणि विंडोज या तिन्हींवर चालतो. लॉजिटेक, कोर्सेअर, स्टीलसिरीज आणि हायपरएक्स यांच्या अनेक बिनतारी हेडसेटची नावे त्याच्या यादीत आहेत, परंतु प्रत्येक मॉडेलवर प्रत्येक सोय मिळतेच असे नाही. यादीत आपले मॉडेल आणि त्यापुढच्या रकान्यांत ‘साइडटोन’ व ‘बॅटरी’ या दोन खुणा आहेत का, एवढे आधी पाहावे. मूळ कोडवरून प्रोग्राम स्वतः तयार करायचा असल्यास सीमेक व कंपायलर ही साधने आणि एचआयडीएपीआय या लायब्ररीच्या (तयार कोडच्या संचाच्या) विकासासाठीच्या फाइली लागतात. डेबियनच्या भांडारात हे सर्व आहे.

वापर अगदी सोपा आहे. प्रोग्रामच्या नावापुढे ‘बी’ हा पर्याय दिला की बॅटरीची पातळी मिळते, ‘एस’ पुढे ० ते १२८ मधील आकडा दिला की साइडटोन तेवढा होतो, आणि ‘आय’ पुढे मिनिटे दिली की तेवढा वेळ वापर न झाल्यास हेडसेट आपोआप बंद होतो. तिथे ० दिल्यास आपोआप बंद होणे थांबते. साइडटोन ४० च्या आसपास ठेवून सुरुवात करावी, कारण थेट १२८ दिल्यास स्वतःचा श्वासही ऐकू येईल.

पहिल्याच वेळी ‘परवानगी नाही’ असा संदेश येण्याची शक्यता आहे आणि बहुतेक जण इथेच प्रयत्न सोडतात. हेडसेटचे हे नियंत्रण ध्वनीच्या वाटेने जात नाही. कळफलक आणि माउस ज्या एचआयडी वर्गात मोडतात त्याच वर्गातले संदेश वापरून ते चालते, आणि असे कच्चे संदेश पाठवण्याचा हक्क लिनक्स सामान्य वापरकर्त्याला देत नाही. तो हक्क देणारे नियम हा प्रोग्रामच ‘यू’ या पर्यायाने छापून देतो. ते यूडेव्हच्या (जोडलेल्या उपकरणांचे हक्क सांभाळणाऱ्या लिनक्सच्या भागाच्या) नियमांच्या फोल्डरमध्ये एका फाइलीत साठवावेत, यूडेव्हला नियम पुन्हा वाचायला सांगावे आणि रिसीव्हर काढून पुन्हा लावावा. शेवटची कृती विसरली तर नियम बरोबर असूनही काहीच बदलत नाही. दर वेळी सूडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या हक्काने, चालवण्याचा सोपा मार्ग मात्र घेऊ नये.

पाइपवायरमध्ये (लिनक्सच्या ध्वनिव्यवस्थेत) माइकचा आवाज पुन्हा कानाकडे वळवूनही साइडटोनसारखा परिणाम साधता येतो, पण तो आवाज संगणकापर्यंत जाऊन परत येतो आणि बिनतारी हेडसेटवर तेवढा उशीर बोलणाऱ्याला अडखळायला लावतो. हेडसेटच्या आतला साइडटोन ही वाट घेतच नाही. म्हणूनच मला या प्रोग्रामचे मोल फार वाटते. कंपनीने दिलेली पण तिच्याच सॉफ्टवेअरमागे ठेवलेली सोय काही लोकांनी विंडोजवरचे यूएसबी संदेश वायरशार्क या संदेश टिपणाऱ्या प्रोग्रामने टिपून, एकेक बाइट ताडून सर्वांसाठी खुली केली आहे.

बॅटरीच्या टक्क्यांबाबत थोडी सावधगिरी बाळगावी. काही हेडसेट टक्के कळवतच नाहीत, ते फक्त व्होल्टेज कळवतात आणि प्रोग्राम त्यावरून टक्क्यांचा अंदाज बांधतो. लिथियम सेलचे व्होल्टेज मधल्या पट्ट्यात फारसे हलत नाही आणि शेवटी एकदम कोसळते. म्हणून ३० टक्के दिसले की चार्जिंगला लावणे बरे.

लॅपटॉपच्या बॅटरीबाबत माझे मत असे की सेल नवे असतील आणि चिप जुनाच आकडा धरून बसली असेल, तर तो आकडा दुरुस्त करण्यात गैर काही नाही. यूएसबीतून बॅटरीशी बोलणारे सीपी२११२ चिपचे छोटे बोर्ड मिळते. गंमत म्हणजे हे बोर्डही हेडसेटप्रमाणे एचआयडी वर्गातलेच आहे, आणि लिनक्सच्या गाभ्यातच त्याचा ड्रायव्हर असल्याने आय-टू-सी टूल्स ही चिपशी बोलण्याची नेहमीची साधने त्यावर तशीच चालतात. सायप्रेसच्या एफएक्स-टू बोर्डावर चालणारा एसएमबीयूएसबी नावाचा मुक्त स्रोत संचही आहे, आणि काही जातींच्या चिपमधील प्रोग्राम वाचण्या-लिहिण्याची साधने त्यात आहेत. कुलपाच्या संकेतांकांविषयी आपण वाचलेले खरे आहे. २०११ मध्ये चार्ली मिलर या सुरक्षा-संशोधकाने ब्लॅक हॅट परिषदेत दाखवून दिले की ॲपलच्या लॅपटॉपच्या बॅटऱ्यांमधील चिपचे कुलूप चिप बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात छापलेल्या मूळ संकेतांकांनीच उघडत होते.

फोंड्याचा_दुरुस्तीकार

ताईंना आणि कळफलक यांना नमस्कार. फोंड्यात माझे दुरुस्तीचे छोटे दुकान आहे आणि गेली कित्येक वर्षे मी बॅटऱ्या उघडतो आहे. हेडसेटविषयी वर लिहिले आहे त्यात मला भर घालायची नाही. मात्र बॅटरीच्या बाबतीत लिहिण्याचा सल्ला वाचण्याच्या आधी आला, हे मला पटलेले नाही. मिलर यांच्या त्याच प्रयोगांत अनेक बॅटऱ्या कायमच्या निकामी झाल्या होत्या, तेही सांगायला हवे होते.

लॅपटॉपच्या बॅटरीतली चिप दोन कामे करते. आत किती वीज गेली आणि बाहेर किती आली याचा ती हिशेब ठेवते, आणि काही बिघडले तर वाट बंद करते. हिशेबाच्या भागात चूक झाली तर टक्के चुकतात, एवढेच नुकसान होते. संरक्षणाच्या भागात चूक झाली तर घराला आग लागू शकते. कुलूप उघडल्यावर हे दोन्ही भाग हाताशी येतात आणि नवख्या माणसाला त्यांतला फरक पडद्यावर दिसत नाही.

काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे एक बॅटरी आली होती. चिपने तिच्यावर कायमच्या बिघाडाची खूण लावली होती आणि ग्राहकाचा आग्रह होता की ती खूण तेवढी पुसून द्यावी. उघडून मोजले तर सेलच्या तीन जोड्यांपैकी एका जोडीचे व्होल्टेज १.९ होते. लिथियम-आयन सेल सुरक्षित किमान व्होल्टेजच्या बराच खाली दीर्घकाळ राहिला की आतल्या ऋण बाजूचे तांबे विरघळू लागते, आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबे नको तिथे साचून आतल्या आत शॉर्ट होतो. म्हणजे चिपचा निर्णय बरोबर होता. मी खूण पुसली नाही आणि बॅटरी परत दिली. ग्राहक नाराज झाला, त्याला माझा इलाज नव्हता.

ताई, आपल्या बॅटरीवर अशी खूण असती तर ती चार्जच झाली नसती, तेव्हा तेवढ्यापुरते निश्चिंत राहावे. आता आपल्या प्रश्नातल्या दोन गोष्टींकडे पाहू, कारण माझ्या मते उत्तर त्यांतच आहे. १०० टक्के दिसल्यावरही दिवा जळत राहतो, याचा अर्थ सेल अजून वीज घेत आहेत आणि चिपचा हिशेब मात्र आधीच भरला आहे. त्यानंतर आकडा ७ वर थबकतो, हेही अकारण होत नाही. या जातीच्या कित्येक चिपमध्ये अशी योजना असते की हिशेबाप्रमाणे ७ टक्के उरले, पण सेलचे व्होल्टेज अजून ७ टक्क्यांसाठी ठरवलेल्या पातळीपर्यंत उतरलेले नाही, तर आकडा तिथेच धरून ठेवायचा. व्होल्टेज खरोखर त्या पातळीवर आले की चिप हिशेब पुन्हा मांडते. पूर्ण भरल्यापासून इथपर्यंत प्रत्यक्षात किती वीज बाहेर गेली ते ती मोजते आणि त्यावरून क्षमतेचा नवा आकडा लिहिते. आपण नेमक्या ७ टक्क्यांवर चार्जर लावत असल्यामुळे तिला हा धडा एकदाही पूर्ण करता आलेला नाही. कुलूप न उघडता हे काम चिप स्वतःच करील, असा माझा अंदाज आहे.

त्यासाठी आधी वाचावे. लिनक्समध्ये सिस फोल्डरात पॉवर सप्लाय विभागाखाली बॅटरीच्या फाइली असतात. त्यांतली मूळ रचनेतील क्षमता, सध्याची पूर्ण क्षमता आणि झालेल्या फेऱ्यांची (भरून रिकामी होण्याच्या आवर्तनांची) संख्या, हे तीन आकडे इथे लिहावेत. टीएलपी हा वीज-बचतीचा प्रोग्राम बसवलेला असेल तर त्याच्या बॅटरी-अहवालातही तेच मिळतात.

त्यानंतर दिवा आपोआप विझेपर्यंत बॅटरी भरावी आणि दोनेक तास तशीच राहू द्यावी. मग झोपेची, स्क्रीन बंद होण्याची आणि झाकण मिटल्यावर थांबण्याची सर्व सेटिंगे बंद करून, महत्त्वाची फाइल उघडी न ठेवता, लॅपटॉप साध्या कामावर बॅटरीवर चालू ठेवावा. मध्ये एकदाही चार्जर लावू नये. ७ वर आकडा थबकेल तेव्हा थांबावे आणि वाट पाहावी. तो ६ किंवा ५ झाला की चार्जर लावावा आणि सध्याच्या क्षमतेचा आकडा पुन्हा वाचावा. सारा वेळ बॅटरीजवळ कुणीतरी असावे. बॅटरी असामान्य तापली, फुगीर दिसली किंवा गोडसर रसायनाचा वास आला तर प्रयोग तिथेच थांबवून ती बाहेर, मोकळ्या जागेत ठेवावी.

एक गोष्ट दुरुस्तीवाल्यांना जरूर विचारावी. सेलला निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडली की सोल्डरने डाख दिला? सोल्डरची उष्णता सेलच्या टोकाशी असलेल्या सीलला आणि आतल्या पडद्याला इजा करते. तसेच सेलवर ९,९०० मिलिअँपिअर-तास असा आकडा छापलेला असेल तर ती सरळ फसवणूक आहे, कारण या आकाराच्या, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या, सर्रास मिळणाऱ्या खऱ्या सेलची क्षमता साधारण ३,५०० च्या आसपास संपते.

कळफलक_पुणे

फोंड्याच्या दादांचे म्हणणे मला मान्य आहे. ७ टक्क्यांचा तपशील मी वाचला होता, पण त्यात काही अर्थ असेल असे मनात आले नाही. ताई, लिहिण्याचा माझा सल्ला मी मागे घेतो. सीपी२११२ चे बोर्ड केवळ वाचण्यासाठी वापरायचे असेल तर ते मात्र उपयोगी पडेल. अशा चिप असलेल्या बॅटरीला स्मार्ट बॅटरी म्हणतात आणि तिच्याशी बोलण्याची भाषा जाहीर आहे. तिच्या तपशिलाची १.१ ही आवृत्ती १९९८ सालची असून बॅटरीचा पत्ता, तापमान, व्होल्टेज, प्रवाह आणि फेऱ्या कुठल्या क्रमांकावर वाचायच्या हे त्यात ठरवून दिले आहे. एकेका जोडीचे व्होल्टेज मात्र त्या प्रमाणात सक्तीचे नाही, ते उत्पादकागणिक वेगळ्या ठिकाणी असू शकते.

गणितशिक्षिका_मिरज

दोघांचेही मनापासून आभार. सतरा दिवसांनी लिहिते आहे, कारण हाती आकडे आल्याशिवाय उत्तर देणे मला बरे वाटले नाही.

हेडसेट यादीत होता. परवानगीचा संदेश आलाच, आणि रिसीव्हर काढून लावल्यावर गेलाही. साइडटोन आता ४८ वर आहे आणि घसा दुसऱ्या वर्गानंतरही ठीक राहतो. हेडसेट बंद करून चालू केला की हे सेटिंग पुसले जाते असे लक्षात आले, म्हणून वर्ग सुरू करण्याच्या माझ्या छोट्या स्क्रिप्टमध्येच साइडटोन लावण्याची आणि बॅटरीची पातळी दाखवण्याची ओळ घातली.

बॅटरीची मूळ क्षमता ५,२०० मिलिअँपिअर-तास आणि सुरुवातीची नोंद १,८४० होती. पहिल्या फेरीत आकडा ७ वर तब्बल दोन तास थांबला आणि मग ६ झाला. चार्जर लावून नोंद पाहिली तर २,३५२ झाली होती. दुसऱ्या फेरीनंतर २,८६४, तिसरीनंतर ३,३७६, चौथीनंतर ३,८८८ आणि पाचवीनंतर ४,४००. प्रत्येक वेळी वाढ नेमकी ५१२ ची आहे, हे पाहून मी वही पुढे ओढली! ५१२ म्हणजे २ चा नववा घात, तेव्हा ही मर्यादा सेलची नसून कुणीतरी चिपमध्ये लिहिलेली असणार. सहाव्या फेरीनंतर ४,७६० आले, म्हणजे वाढ ३६० ची. सातवीनंतर ४,७४८. दर फेरीला ७ वरचे थांबणे आखूड होत गेले आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत ते जवळजवळ उरले नाही. हाताला थोडी कोमट लागण्यापलीकडे बॅटरी कधीही तापली नाही.

दुरुस्तीवाल्यांकडे जाऊन विचारले. पट्टी स्पॉट वेल्डिंगनेच जोडली होती, आणि सेल काढताना बोर्डला बाहेरून वीज चालू ठेवली होती म्हणून चिप बंद पडली नाही, असेही त्यांनी सांगितले. सेल प्रत्येकी २,६०० चे आहेत. महाविद्यालयातील एका सहकाऱ्यांनी सीपी२११२ च्या बोर्डवर तिन्ही जोड्यांचे व्होल्टेज वाचून दिले. विश्रांतीनंतर ते ३.७१, ३.७१ आणि ३.६९ होते. हा फरक चालेल का? आणि आता रोज चार्जर लावूनच वर्ग घ्यायचे असल्याने बॅटरी १०० वर ठेवू का?

फोंड्याचा_दुरुस्तीकार

ताई, आपण दिलेले आकडे वाचून फार आनंद झाला. एका फेरीत क्षमता किती बदलू द्यायची याला या चिपमध्ये मर्यादा घातलेली असते, जेणेकरून एखाद्या चुकलेल्या मोजमापाने सारा हिशेब उलटा होऊ नये. सहाव्या फेरीत वाढ त्या मर्यादेच्या आत आली आणि सातवीत आकडा जवळपास तिथेच राहिला, यावरून ४,७५० च्या आसपासची क्षमता खरी मानायला हरकत नाही.

२० मिलिव्होल्टचा फरक चालेल. महिन्याभराने पुन्हा वाचावे. तो ५० च्या पुढे जाताना दिसला तर मात्र बॅटरी वापरणे थांबवून ती दुरुस्तीवाल्यांकडे न्यावी, कारण एक जोडी मागे पडत असल्याची ती पहिली खूण असते.

चार्जर सतत लावून ठेवायचा असेल तर १०० वर ठेवू नये, कारण ४.२ व्होल्टवर दीर्घकाळ राहिलेला सेल लवकर म्हातारा होतो, आणि उन्हाळ्यात मिरजेच्या उकाड्यात तर अधिकच. आपल्या लॅपटॉपला चार्जिंगची वरची मर्यादा ठरवता येत असेल तर बॅटरीच्या त्याच फाइलींमध्ये चार्ज-कंट्रोल-एंड-थ्रेशोल्ड अशी फाइल दिसेल. तिच्यात ८० लिहावे किंवा टीएलपीच्या मांडणीत तोच आकडा द्यावा, म्हणजे लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावरही तो टिकेल. दोन-तीन महिन्यांतून एकदा मर्यादा काढून वरच्यासारखी एक पूर्ण फेरी करावी, म्हणजे हिशेब भरकटणार नाही.

आणखी एक विनंती. काढलेले जुने सहा सेल दुरुस्तीवाल्यांकडे सुटे पडले असतील तर त्यांच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावायला सांगावे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ते घरच्या कचऱ्यात टाकायचे नसतात, वेगळे ठेवून संकलन किंवा पुनर्वापर केंद्राकडे द्यायचे असतात.

गणितशिक्षिका_मिरज

फाइल सापडली, ८० लिहिले आणि टीएलपीतही नोंदवले. जुने सेल दुकानात एका पत्र्याच्या डब्यात एकमेकांवर पडलेले होते. आज संध्याकाळच्या वर्गाआधी तिथे जाऊन आम्ही दोघांनी त्यांच्या टोकांना पट्ट्या लावल्या आणि ते प्लास्टिकच्या डब्यात वेगवेगळे ठेवले. येत्या शनिवारी सांगलीला जाणे आहे, तेव्हा तिथल्या संकलन केंद्रावर देऊन येईन.